शिकणं दुरून, तपासणं जवळून

नाटे, साखरीनाटे, जैतापूर, आंबोळगड, माडबन या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

  थेट विषयावर येते.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलं, “बाई, डॉक्टरांनी मोबाइलवर शिकायचं की कॉलेजात, हे आम्हाला कशाला?” काका पुढच्याच रांगेत बसले आहेत, तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते. शहरात अर्धवट शिकलेला डॉक्टर खपून जातो. त्याच्या वरच्या मजल्यावर दुसरा असतो, समोर तिसरा, आणि नाक्यावर मोठं रुग्णालय. इथे कातळावर फुरसं चावलेला माणूस रात्री अकराला दवाखान्यात आणला, की त्या वेळी समोर असलेल्या डॉक्टरला किंवा सिस्टरला जेवढं येतं तेवढंच त्या माणसाच्या वाट्याला. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय कितीही चांगलं असो, त्या घटकेला ते लांब आहे. आता सांगा काका, हा विषय कोणाचा? शहराचा की तुमचा?

मला आज तीन गोष्टींवर बोलायचं आहे. करोनाच्या काळात पडद्यावरच्या शिकवण्याने आम्हा वैद्यकाच्या शिक्षकांना काय दिलं आणि काय नाही. पडदा यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात दुरून शिकवण्याचे कोणते प्रयोग यशस्वी झाले. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: ज्ञान कुठून कुठे जातं. तिन्हींना सारखा वेळ देईन असं वचन मात्र देत नाही.

मार्च २०२० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले आणि मुलं घरी गेली. त्या वर्षी आम्हा शिक्षकांच्या कानावर सर्वाधिक पडलेलं वाक्य कोणतं असेल, तर “मॅडम, आवाज येत नाही.” समोर चेहरे नव्हते, काळे चौकोन होते आणि त्यांवर नावं. एखाद्याला प्रश्न विचारावा तर शांतता. तो अंघोळीला गेला होता की खरंच रेंज गेली होती, हे देव जाणे. पण सगळेच काही टाळाटाळ करणारे नव्हते. सिंधुदुर्गातली पशुवैद्यकाची एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर जाऊन, भावांनी बांधून दिलेल्या झोपडीत पावसाळाभर अभ्यास करत होती. तिचा फोटो वर्तमानपत्रांत आला, आपण सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक करताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आलं, की ही मुलगी डोंगरावर का बसली आहे? त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. तिकडच्या मुलांचं कॉलेज त्या दिवसांत दुसऱ्यांदा बंद पडलं, आणि या वेळी ते बंद असल्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर झाली नाही.

तरीही पडद्याला सरसकट नावं ठेवायला मी इथे आलेली नाही. आमच्या वर्गात मराठी शाळेतून आलेली बरीच मुलं असतात. प्रत्यक्ष वर्गात इंग्रजी व्याख्यान वेगाने पुढे जातं आणि ही मुलं मान हलवत राहतात. ध्वनिचित्रित व्याख्यान त्यांना थांबवता येतं, मागे नेता येतं, तेच वाक्य चार वेळा ऐकता येतं, आणि आपल्याला समजलं नाही हे शेजारच्याला कळतही नाही. लाजेपायी न विचारलेले किती प्रश्न त्या मागे नेण्याच्या बटणाने सोडवले असतील! एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने दीक्षा या व्यासपीठावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी करोनाचे धडे उघडले. संरक्षक पोशाख कसा चढवायचा आणि, त्याहून महत्त्वाचं, कसा उतरवायचा हे देशभरातल्या सिस्टरना एकाच वेळी दाखवायचं, तर दुसरा मार्ग कुठे होता?

यावर संशोधनही पुष्कळ झालं आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर-नर्सच्या इंटरनेटवरील शिक्षणाचे २०१ अभ्यास एकत्र करून पाहिले. काहीच न शिकवण्यापेक्षा इंटरनेटवर शिकवणं फार चांगलं, आणि समोरासमोर शिकवण्याशी तुलना केली तर फरक थोडा, कधी या बाजूला, कधी त्या. म्हणजे साधन कोणतं यावर फार काही अवलंबून नाही. मग कशावर आहे? त्याकडे येतेच. त्याआधी फुरशाकडे एकदा परत जाऊ, कारण रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाला वगळून वैद्यकावर बोलणं बरं दिसत नाही.

फुरसं किंवा घोणस चावली की रक्ताची गोठण्याची ताकद जाते. ती गेली आहे का हे पाहायला एक तपासणी आहे, ‘वीस मिनिटांची तपासणी’ म्हणतात तिला. प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही. दोनेक मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विष भिनलं आहे, प्रतिविष सुरू करा. तीन मिनिटांच्या चित्रफितीत हे शिकवून होतं. परीक्षेत सगळ्यांना पूर्ण गुण.

आणि प्रत्यक्षात? दवाखान्यात काचेची नळी नसते म्हणून प्लॅस्टिकची घेतली जाते. रक्ताला गोठायला काचेचा स्पर्श चालना देतो, प्लॅस्टिकचा देत नाही. चांगलं रक्तही पातळ राहतं आणि नको असलेलं प्रतिविष दिलं जातं. काचेची नळी असलीच तर ती साबणाने धुऊन ठेवलेली असते, तिचाही भरवसा नाही. नळी ठेवली की बाहेरून नातेवाईक येतो, “सिस्टर, काय झालं?” म्हणतो, सिस्टर नळी उचलून दाखवते. गेली वीस मिनिटं! आणि मण्यार चावली असेल, जिला काही ठिकाणी कांडर म्हणतात, तर रक्त अगदी नीट गोठतं आणि तरी माणूस दगावू शकतो. तिथे नळीकडे पाहत न बसता त्याच्या पापण्या जड होताहेत का, गिळता येतंय का, हे पाहायचं असतं. चित्रफितीत सगळं बरोबर होतं. चुकलं ते, जे चित्रफितीच्या बाहेर होतं: नळी कुठली, ती कोणी धुतली, दारात कोण उभं आहे. ते शिकवायला कोणीतरी त्या खोलीत उभं राहावं लागतं. एकदाच, पण राहावं लागतं.

आपल्या देशातल्या नियमांनाही हे ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्या पदव्या दूरशिक्षणाने द्यायला मनाई आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधलं युद्ध सुरू झालं तेव्हा हा प्रश्न हजारो घरांत शिरला. आपल्या महाराष्ट्रातलीही मुलं परत आली आणि इथे बसून तिकडचे वर्ग पडद्यावर करू लागली. ते शिक्षण मानायचं की नाही? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तोडगा काढला. ज्यांना त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत पदवी मिळाली त्यांनी इथली परीक्षा द्यावी आणि एका वर्षाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करावी. त्या मुलांच्या आईबापांना ही शिक्षा वाटली. मला तो हिशेब बरोबर वाटतो. व्याख्यान पडद्यावर झालं हे चालेल, पण रुग्णाजवळ उभं राहण्याचे जे महिने बुडाले ते रुग्णाजवळच भरून द्यावे लागतील.

आता दुसरी गोष्ट. ‘मिश्र शिक्षण’ हा शब्द हल्ली प्रत्येक परिपत्रकात असतो. थोडं दुरून शिकायचं, थोडं समोर. जणू काही हे संगणकासोबत आलं. मला विचाराल तर महाराष्ट्रात ते १९७० मध्ये सुरू झालं, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन आलेले डॉक्टर. दुष्काळी मुलखात त्यांनी गावातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या, कित्येकजणी नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना सहा महिने कोंडून शिकवलं का? नाही. त्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, एखादी-दुसरी गोष्ट शिकत आणि गावी परत जात. पुढच्या आठवड्यात काय घेऊन येत? वही नव्हे, प्रश्न. बाई म्हणते जुलाबात पाणी दिलं की जुलाब वाढतात, मग तिला काय सांगू? मुलाला दूध तोडायला सासूने सांगितलंय, मी सासूशी भांडू का? त्या प्रश्नांवर पुढचा धडा ठरे. आणि बायका एकमेकींना शिकवत. डॉक्टरपेक्षा बाजूच्या गावच्या बाईने सांगितलेलं लवकर पटतं, हे मान्य करायला डॉक्टरला मोठं मन लागतं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या दृष्टीने त्यांचा खरा शोध हा येण्याजाण्याचा होता.

तुम्हाला एसटीची वस्तीची गाडी माहीत आहे. संध्याकाळी गावात येते, रात्री मुक्काम करते आणि सकाळी गावची माणसं घेऊन परत जाते. चांगलं शिक्षण तसं असतं. आजचं बरंचसं ऑनलाइन शिक्षण म्हणजे आलेली, रिकामी झालेली आणि मुक्काम न करता निघून गेलेली गाडी. परतताना तिच्यात कोणी बसलेलं नसतं.

जामखेडनंतर गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळं न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर एका मिनिटातले श्वास मोजायचे. पण ज्या सुईणीला साठपर्यंत आकडे येत नाहीत तिने काय करायचं? आता इथे शहरी शिक्षणतज्ज्ञ काय करील? तिला आधी साठपर्यंत शिकवील. बंगांनी तिच्या हातात मण्यांची पट्टी आणि एका मिनिटाची वाळूची घडी दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. शिकणाऱ्याला जे येतं तिथून सुरुवात करायची, हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते इतक्या शब्दशः केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग नवजात बाळांची पाळी आली. गावातली थोडंफार शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. तिला सगळं एकदम शिकवलं नाही. आधी बाळाचं वजन, ताप, नोंदी. ते पक्कं झाल्यावर पुढचं. सर्वांत शेवटी जंतुदोष ओळखणं आणि इंजेक्शन देणं. डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात जाऊन तिचं काम पाहत, चुकलं तर तिथल्या तिथे हात धरून सुधारत. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज इथल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, ती पद्धत तिथून निघून २०११ मध्ये देशभर गेली. आशाताई, तुमच्या पिशवीतला वजनकाटा गडचिरोलीचा रस्ता चालून आला आहे.

पण देशभर जाताना काय गळलं? हात धरणारा डॉक्टर गळला. प्रशिक्षणाचे दिवस कमी झाले, आणि करोनानंतर तर पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडलेली पीडीएफ. वाचली का, तर अंगठा दाखवायचा. अंगठा दाखवला म्हणजे शिकली! पूर्वी निरक्षर माणूस अंगठा उठवायचा, आता साक्षर बाईलाही आपण तोच करायला लावतो. हे मला फार लागतं.

आता तिसरी गोष्ट, ज्ञान कुठून कुठे जातं ही, आणि त्यासाठी लांब जायला नको. कोकणातच, महाडला जाऊ. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं येत. घामाने अंथरूण भिजे, हातपाय गार पडत, थोड्या वेळाने छातीत पाणी भरे आणि धडधाकट माणूस, पुष्कळदा लहान मूल, डोळ्यांदेखत जाई. रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रुग्णांतही शंभरातले पंचवीस-तीस दगावत. या तरुण डॉक्टरकडे पुस्तक होतं, पण पुस्तकात यावर जवळजवळ काही नव्हतं.

इथे मला तुम्हाला एक विचारायचं आहे. समजा, १९७६ मध्ये बिरवाडीला फोर-जी असता. समजा, मुंबईतल्या उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्यानं तिथल्या डॉक्टरला रोज पाहता आली असती. एक तरी माणूस वाचला असता का? नसता. कारण मुंबईलाही ते माहीत नव्हतं. माहिती बिरवाडीच्या खाटेवर होती. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवला. विषामुळे शरीरातली उत्तेजक रसायनं उसळतात आणि हृदय थकून जातं, हे त्यातून उलगडत गेलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ने छापली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची स्वस्त, साधी गोळी. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी महाडलाच नुसतं प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांचा रीतसर तुलनात्मक अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. महाडहून ज्ञान लंडनला गेलं आणि तिथून फिरून आमच्या पाठ्यपुस्तकांत आलं. पोस्टाने गेलं, बरं का. दूरशिक्षणच ते, फक्त उलट्या दिशेचं.

म्हणून मी म्हणते, पडदा हवा की वर्ग, हा वाद दुय्यम आहे. नाटे गावाचा प्रश्न वर पोचण्याची सोय त्यात आहे का, हे आधी विचारा. ट्रॉलरवर हाताला काटा रुतला, समुद्रात चार दिवस गेले आणि हात सुजून काळा पडलेला खलाशी. आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी, ज्याला ताप कधीपासून आहे हे मराठीत सांगता येत नाही. भातलावणीत पाय चिरलेली आणि आठवड्याने डोळे पिवळे झालेली बाई, जिचा लेप्टोस्पायरोसिस वेळेत ओळखायचा आहे. हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे? आणि नसेल, तर ते तिथे कोण घालणार?

असं उलटं शिकवण्याची एक चांगली पद्धत आज जगात आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा नावाचे यकृततज्ज्ञ आहेत, मूळचे भारतीय. हेपटायटिस सी च्या रुग्णांना त्यांच्याकडे पोचायला महिनोन् महिने लागत. २००३ मध्ये त्यांनी ‘इको’ प्रकल्प सुरू केला. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर सगळे खेड्यातले डॉक्टर जमायचे, पण व्याख्यान छोटं. मुख्य काम काय, तर खेड्यातल्या डॉक्टरने स्वतःचा रुग्ण मांडायचा आणि बाकीच्यांनी विचार करायचा. २०११ मध्ये निकाल छापून आले: खेड्यातल्या डॉक्टरांकडचे रुग्ण विद्यापीठातल्या रुग्णांइतकेच बरे होत होते. आपल्याकडेही ही पद्धत आली आहे, निम्हान्ससारख्या संस्था मानसिक आरोग्यासाठी ती वापरतात. जामखेडच्या बायकांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

आपल्याकडे ई-संजीवनी आहे. उपकेंद्रात रुग्ण बसतो, शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी, पडद्यावर दूरचा डॉक्टर. सेवा म्हणून उत्तम. पण मला त्यात शिक्षणाची एक मोठी संधी वाया जाताना दिसते. ती मधली तरुण अधिकारी रोज किती तज्ज्ञ ऐकते! औषध लिहून झालं की फोन बंद. तज्ज्ञाने तिला दोन मिनिटं सांगावं, मी हे औषध का दिलं, तू पोटाला हात लावून पाहिलंस तेव्हा काय लागलं, उद्या काय दिसलं तर मला कळव. वर्षभरात ती कुठल्या कुठे जाईल. दोन मिनिटं!

आता कोकणात वैद्यकीय महाविद्यालयं नाहीत ही जुनी तक्रारही उरली नाही. सावर्ड्याला २०१५ मध्ये वालावलकर महाविद्यालय सुरू झालं, सिंधुदुर्गात २०२१ मध्ये शासकीय महाविद्यालय, रत्नागिरीत २०२३ मध्ये. आधी इथली मुलगी मिरजेला नाहीतर मुंबईला जायची आणि बहुधा तिकडचीच होऊन जायची. शिवाय राष्ट्रीय आयोगाच्या नियमाप्रमाणे आता पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आहेत. ‘दत्तक’ हा शब्द मला आवडत नाही, कोण कोणाला दत्तक घेतं हे पाच वर्षांनी ठरेल. पण नियम चांगला आहे. भीती एवढीच, की बसमधून यावं, वजन-उंची लिहावी, फोटो काढावा आणि चारला परत, असं त्याचं होऊ नये.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक सरकारकडे आहे, दुसरी तुमच्याकडे. रत्नागिरीच्या महाविद्यालयाने आठवड्यातला एक तास असा ठेवावा, की ज्यात राजापूर तालुक्यातल्या केंद्रांचे डॉक्टर, सिस्टर, आशाताई बोलतील आणि प्राध्यापक ऐकतील. त्यांच्या प्रश्नांतून पुढच्या महिन्याचा ऑनलाइन धडा ठरावा. आणि त्या धड्यानंतर कोणीतरी इथे येऊन नळी, सुई, बाळाचा श्वास हातात हात धरून तपासून जावं. सर्पदंशाचा धडा पावसाआधी, मे महिन्यात. ऑगस्टमध्ये नको.

तुमच्याकडची मागणी अशी: विद्यार्थी येतील तेव्हा त्यांना घरात घ्या, पण नुसतं पोहे देऊन पाठवू नका. रात्री मुक्कामाला ठेवा. पहाटे साखरीनाट्याच्या बंदरावर न्या, होड्या लागताना माणसांचे हात बघू द्या. त्यांनी चुकीचा सल्ला दिला तर तोंडावर सांगा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्नांना राखलेला वेळ मी खाणार नाही. माइक आधी मागे भिंतीजवळ बसलेल्या आशाताईंकडे जाऊ द्या. काका, तुमचा नंबर त्यांच्यानंतर.